मदत हवी आहे: पापुआ न्यू गिनीत धर्मसेवेला गेलेल्या धाकट्या भावासाठी

नमस्कार मंडळी,

आम्ही वसईचे. माझ्या धाकट्या भावाला गुरुदीक्षेनंतर, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू झाल्यावर, त्याच्या धर्मगुरूंच्या संघाने पापुआ न्यू गिनीत पाठवलंय, माउंट हेगन शहराजवळच्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये). तिथे कुणी राहून आलं असेल तर मार्गदर्शन करा.

मोठी अडचण भाषेची. देशात ८०० हून अधिक भाषा आहेत. बाजारात, शाळेत टोक पिसिन ही इंग्रजीतून घडलेली तिथली सामाईक भाषा चालते. इंग्रजी येत असल्यामुळे त्याला शब्द ओळखीचे वाटतात, पण त्यातला अर्थ आणि व्याकरण वेगळंच निघतं. मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी) तो वाचून म्हणतो. पण आपल्या घरी कुणी वारलं म्हणून गावातली माणसं त्याच्याकडे येऊन बसतात, तेव्हा त्यांच्याशी बोलता येत नाही, याचं त्याला फार वाईट वाटतं. मला त्याची ही तळमळ खरी महत्त्वाची वाटते. ऐकून शिकता येईल असं काही आहे का, की गावातल्या एखाद्या शिक्षकाकडे रोज बसणंच बरं?

दुसरं, तब्येत. हेगन साधारण १६०० मीटरवर आहे, रात्री चांगलीच थंडी पडते. पण कामासाठी त्याला मादांगला, किनाऱ्यावर उतरावं लागतं आणि तिथे हिवताप असतो. अशा ये-जा करणाऱ्यांनी गोळ्या कशा घ्यायच्या, हे तिथे काम केलेल्या डॉक्टर किंवा सिस्टरांनी सांगावं.

जेवणात मुख्यतः रताळी. त्याची तक्रार नाही, आईची आहे! मसाला पोस्टाने पाठवला तर कस्टममध्ये अडतो का?