१९६९ ची पॉन्टिअक जीटीओ ‘जज’: अस्सल की सजवलेली, आणि किंमत किती धरावी?

मिशिगनकर

नमस्कार मंडळी. मी डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर निघणारी जुन्या गाड्यांची मिरवणूक पाहता पाहता गेली दहा वर्षे जी इच्छा मनात धरून बसलो होतो, ती पुरी होण्याची वेळ आता आली आहे. पण पैसे मोजायच्या आधी आपल्यातील जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

गाडी १९६९ ची जीटीओ ‘जज’, म्हणजे पॉन्टिअकच्या जीटीओ या गाडीची खास आवृत्ती, म्हणून विकायला आहे. नारिंगी रंग, बाजूंना पट्टे, डिकीवर रुंद स्पॉयलर, टी आकाराच्या मुठीचा हर्स्ट गिअर आणि चार गिअरचा मॅन्युअल मन्सी गिअरबॉक्स. मालक ७८,००० डॉलर मागत आहेत आणि सर्व नंबर जुळतात, म्हणजे इंजिन कारखान्यातून याच गाडीत आलेले आहे, असे ठामपणे सांगत आहेत. मी टॉर्च घेऊन तासभर पाहिले आणि हे टिपून आणले: डॅशबोर्डवरील पट्टीचा नंबर २४२३७९बी ने सुरू होतो. इंजिनावर पुढच्या बाजूला डब्ल्यूएस हा कोड आहे आणि टायमिंग कव्हरजवळ गाडीच्या नंबरातील शेवटचे सहा आकडे पंच केलेले आहेत, ते पट्टीशी तंतोतंत जुळतात. फायरवॉलवरील (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावरील) बिल्ल्यावर रंगाचा कोड दोन्ही जागी ५० आहे आणि तारखेच्या जागी ०२बी आहे. डिस्ट्रिब्युटरपाशी ब्लॉकवर डी१४९ अशी ओतीव अक्षरे दिसली. कागदपत्रांत फक्त टायटल (मालकीचा दाखला) आणि आधीच्या मालकाची विक्रीपावती आहे.

नंबर जुळतात म्हणजे गाडी अस्सल, असे समजावे का? आणि मागितलेली किंमत रास्त आहे का?

जुनी_पॉन्टिअक

आपण ब्लॉकवरील ओतीव अक्षरे टिपून घेतलीत हे फार चांगले केलेत, कारण माझ्या मते आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच आहे. पण त्याकडे थोड्या वेळाने येतो.

आधी डॅशबोर्डवरील नंबर. त्यातील पहिला २ म्हणजे पॉन्टिअक, ४२ म्हणजे जीटीओ, ३७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, ९ म्हणजे १९६९ आणि बी म्हणजे बाल्टिमोरचा कारखाना. तेव्हा गाडी जन्माने जीटीओ आहे, यात शंका नाही, आणि हेही काही थोडके नाही. १९६४ आणि १९६५ साली जीटीओ हा पॉन्टिअकच्याच ल मान्स गाडीवर मिळणारा एक पर्याय होता, त्यामुळे त्या वर्षांच्या गाडीचा नंबर पाहून ती जीटीओ आहे की साधी ल मान्स, हे सांगताच येत नाही. १९६६ पासून जीटीओला स्वतःचा क्रमांक मिळाला. मात्र ‘जज’ हा पुन्हा जीटीओवरचा पर्यायच होता, आणि तो या नंबरात कुठेही उमटत नाही. पट्टे, स्पॉयलर, टी मूठ, बिल्ले, हे सारे आज नवे करकरीत विकत मिळते आणि एका आठवड्यात चढवता येते. १९६९ साली एकूण ७२,२८७ जीटीओ तयार झाल्या, त्यांत ‘जज’ फक्त ६,८३३. एवढ्यावरून सजवण्याचा मोह किती मोठा आहे हे लक्षात यावे.

आता रंग. कोड ५० म्हणजे कॅमिओ व्हाइट. ‘जज’चा तो प्रसिद्ध नारिंगी रंग, कॅरोसेल रेड, त्याचा कोड ७२. पांढरी ‘जज’ असू शकते, कारण पुढे इतर रंगही दिले गेले. पण पहिल्या सुमारे दोन हजार गाड्या नारिंगीच होत्या. ०२बी म्हणजे बॉडी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातील. इतक्या लवकरची पांढरी ‘जज’, आणि तीही नंतर कोणीतरी नारिंगी रंगवलेली, हे ऐकून मी तरी सावध होईन.

आणि आता ती ओतीव अक्षरे. पहिले अक्षर महिन्याचे, मधले आकडे दिवसाचे, शेवटचा आकडा वर्षाचा. ए म्हणजे जानेवारी, त्या हिशोबाने डी म्हणजे एप्रिल. आपल्या गाडीतील ब्लॉक १४ एप्रिल १९६९ रोजी ओतला गेला, आणि बॉडी तयार झाली फेब्रुवारीत. जे इंजिन अजून ओतलेच गेले नव्हते, ते त्या गाडीत कारखान्यात बसणे शक्य नाही. म्हणजे इंजिन नंतर बदलले आहे, आणि त्यावर या गाडीचा नंबर नंतर कोणीतरी पंच केला आहे. डब्ल्यूएस हा मॅन्युअल गिअरबरोबरच्या रॅम एअर ३ इंजिनाचा, म्हणजे ३६६ अश्वशक्तीचा कोड खरा, पण तोही जुना खोडून नवा पंच केला आहे का, हे भिंगाखाली पाहावे लागेल. अंक एका ओळीत आहेत का, त्यांची खोली सारखी आहे का, आणि त्यांच्याभोवतीचा पृष्ठभाग शेजारच्या लोखंडापेक्षा जास्त गुळगुळीत तर नाही ना, हे नीट पाहा.

शेवटचा निकाल मात्र कागदच देईल. पॉन्टिअकच्या १९६१ ते १९८६ मधील गाड्यांची कारखान्याची बिले पॉन्टिअक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे आहेत. गाडीचा नंबर आणि शुल्क पाठवले की त्या बिलाची प्रत मिळते. शेव्हर्ले घेणाऱ्यांना असे सुख नाही. ही प्रत हातात येईपर्यंत बयाणा देऊ नका.

पत्र्याखाली

वरील उत्तराशी पूर्ण सहमत. एक भर घालतो. ग्लोव्ह बॉक्स काढून आतून पाहा, मागील सीट उचलून पाहा, डिकीतील अस्तराखाली पाहा. बाहेरून रंग बदलणारे लोक या जागांपर्यंत सहसा पोहोचत नाहीत. आणि मागच्या चाकांच्या कमानी व मागच्या काचेखालची पट्टी यांवर लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. डॅशबोर्डवरील नंबरपट्टीचे रिव्हेट फुलाच्या आकाराचे असायला हवेत. ते साधे गोल दिसले, तर इंजिनाचा विचार सोडून आधी तिथून बाहेर पडा, कारण ती पट्टी काढणे किंवा तिच्यात फेरफार करणे हा या देशात केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे.

हिशोबनीस

किमतीविषयी थोडे लिहितो. ‘रिस्टोअर केली’ म्हणून जे पैसे मागितले जातात, ते बहुतेक वेळा मालकाचा खर्च वसूल करण्यासाठी असतात. गाडीची किंमत त्या खर्चावर ठरत नाही. ती ठरते तीन गोष्टींवर: ती मुळात काय होती, त्याचा पुरावा काय आहे, आणि आज तिची अवस्था काय आहे. किमतीच्या काही पुस्तकांत अवस्थेचे एक (सर्वांत उत्तम) ते चार असे दर्जे असतात आणि प्रत्येक विक्रेत्याची गाडी त्याच्या स्वतःच्या मते दुसऱ्या दर्जाची असते, हे मी आजवर पाहत आलो आहे. जाहिरातीतील मागण्या विचारात घेऊ नका, प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे आकडे पाहा, आणि लिलावाचा आकडा असेल तर त्यात खरेदीदाराने भरलेले शुल्क धरले आहे का तेही तपासा. शक्य झाल्यास विक्रेत्याने सुचवलेला नव्हे, स्वतः शोधलेला मूल्यांकनकार न्या. त्याचा अहवाल पुढे ठरावीक रकमेच्या विम्यासाठीही उपयोगी पडतो.

मिशिगनकर

सर्वांचे मनापासून आभार. बिलाची प्रत आली. गाडी साधी जीटीओ आहे: पांढरी, ३५० अश्वशक्तीचे इंजिन, आणि गिअरबॉक्स चक्क ऑटोमॅटिक. ‘जज’चा उल्लेख कुठेही नाही. ग्लोव्ह बॉक्स काढून हात आत घातला, तेव्हा बोटाला पांढऱ्या रंगाची पावडर लागली. रिव्हेट मात्र फुलाचेच आहेत. मालकांना प्रत दाखवली, तर ते म्हणाले की मीही ‘जज’ समजूनच घेतली होती. ते खरे बोलत असावेत असे मला वाटले. निदान त्यांचा चेहरा तरी तसाच झाला होता. आता ते ५२,००० वर आले आहेत. गाडी चालवायला सुरेख आहे, त्यामुळे मन अजून निघत नाही.

जुनी_पॉन्टिअक

मग तिला बदललेल्या इंजिनाची, बदललेल्या गिअरबॉक्सची आणि रंग बदललेली जीटीओ म्हणून पाहा, आणि त्याच प्रकारच्या गाड्या कितीला गेल्या ते शोधून बोलणी करा. ७८,००० वरून किती उतरले, याला काही अर्थ नाही. ठरलेच तर विक्रीपावतीवर ‘जजसारखी सजवलेली जीटीओ, इंजिन मूळ नाही’ असे स्पष्ट लिहून घ्या, आणि बिलाची प्रत पावतीला जोडून ठेवा, म्हणजे तुमच्यानंतर घेणाऱ्याला हा प्रश्न पुन्हा विचारावा लागणार नाही.

मिशिगनकर

तसेच करतो. शनिवारी लोहचुंबक घेऊन पुन्हा जात आहे. मागच्या कमानी अजून पाहायच्या राहिल्या आहेत.