'मडब्लड'ला मराठीत काय म्हणाल?

पिंपळपार: सोसायटीच्या गणपतीत मुलांकडून हॅरी पॉटरच्या दुसऱ्या भागातला एक प्रवेश बसवतोय. मैदानावर मालफॉय हर्मायनीला 'मडब्लड' (आईबाप जादूगार नसलेल्यांना द्यायची शिवी) म्हणतो तो. मी 'हीनरक्ताची' लिहिलं तर पोरं म्हणाली काका हे पौराणिक नाटक वाटतंय. एका आजोबांनी 'बाटगी' सुचवलं, पटत नाहीये. सुचवा काहीतरी.

तिरफळ: बाटगी साफ चूक. बाटगा म्हणजे धर्म बदललेला. हर्मायनीने काय बदललंय? आईबाप दातांचे डॉक्टर, जादूशी संबंध नाही, एवढाच तिचा गुन्हा.

कोकमसार: अक्करमाशी घ्या की! आमच्या आजीच्या तोंडी सर्रास असायचा. तोळ्याचे मासे बारा, अकराच भरले की खोट. रक्ताचा सगळा माज त्या एका माशात आलाय.

तिरफळ: पण मग ती शिवी हर्मायनीला लागूच होत नाही, ती अर्धवट नाही, तिचे आईबाप दोघेही मगल, म्हणजे बिनजादूचे. या हिशोबाने एक मासा कमी भरतो तो मुख्य खलनायक व्होल्डेमॉर्ट, बाप मगल. शाळेतला मास्तर स्नेप, त्याचाही बाप मगल. आणि सोवळं कोणाचं कडक, तर यांचंच!

उंबरठा: लहान मुलांच्या तोंडी हा शब्द कृपया घालू नका. शरणकुमार लिंबाळ्यांनी १९८४ मध्ये आत्मकथनाला हेच नाव दिलं, ते ज्याने सोसलंय त्याने शिवी उलटवणं होतं. तुमच्या स्टेजवर त्यावर हशा पिकेल, बाकी काही नाही.

कोकमसार: मग शिवी बोचायलाच नको का? गुळगुळीत केली की मालफॉय नुसता खोडकर पोरगा वाटणार.

दौतटाक: अहो पण पुस्तकात खुद्द हर्मायनीलाच त्या शब्दाचा अर्थ माहीत नसतो (सिनेमातलं सोडा). आजूबाजूचे भडकतात, रॉनची मोडकी कांडी त्याच्यावरच उलटते आणि तो गोगलगायी ओकत बसतो, अर्थ कळतो तो नंतर हॅग्रिडच्या झोपडीत. म्हणजे प्रेक्षकालाही आधी नुसता वास यायला हवा, तयार शिवी वापरलीत की झोपडीतला प्रवेश फुकट. मी 'गाळरक्ती' करेन. गाळ म्हणजे तळाशी बसलेला, शिवाय शिव्यागाळीतली गाळी पण कानात वाजते.

शब्दपिसू: गाळरक्ती छान. पण मुळात मालफॉयला खलनायक का म्हणतात लोक? खल हा खलबत्त्यातला, जो कुटतो तो खल. खलबतं करणाराही तोच.

तिरफळ: काहीही! खलबत फारसीतून आलं, 'खल्वत' म्हणजे एकांत. आणि दुष्ट खल वेगळा, पसायदानातला. 'जे खळांची व्यंकटी सांडो', माऊली खळ मरो म्हणत नाहीत, वाकडेपणा जावो म्हणतात. स्नेपला अगदी फिट बसतं. शाळेत असताना लिलीला (हॅरीच्या आईला) हीच शिवी देतो आणि सातव्या भागात तसबिरीतला जुना हेडमास्तर फिनियस तोच शब्द बोलला तर त्याच्यावर खेकसतो.

उंबरठा: सांडली कसली व्यंकटी, स्नेप वर्गात ज्याला छळतो त्या नेव्हिलला विचारा. शब्द टाकला म्हणजे माणूस सुधारला का? आणि खळांचं काय घेऊन बसलात, दुसरा मास्तर स्लगहॉर्न तर भला माणूस ना? तरी लिली मगलांच्या पोटची असून इतकी हुशार कशी याचं त्याला नवल. हे कौतुक मी ऑफिसात ऐकलंय, 'वाटत नाही हो तुम्ही त्यातल्या'.

कोकमसार: +१. मालफॉय परवडला.

पिंपळपार: गाळरक्ती करून बघतो, पण मालफॉय होणाऱ्या पोराला 'ळ' येत नाही, गालरक्ती म्हणतो.

शब्दपिसू: हाहा. बरं ते माशांवरून आठवलं, आठ गुंजांचा मासा ना? मग सोनं बावनकशी कसं, बावन आकडा कुठून आला?

तिरफळ: कस म्हणजे कसोटीच्या दगडावरची रेघ, वजनाशी संबंध नाही.

शब्दपिसू: ते ठीक, पण बावनच का? पन्नास का नाही?