हॅरिएट टबमनच्या तोंडी घातलेलं ते वाक्य

रानजाई: काल इथे टबमनचा फोटो आला. अमेरिकेतल्या गुलामीतून निसटून, परत जाऊन इतरांना सोडवणारी ही काळी बाई. खाली तिच्या नावाने: ‘मी हजार गुलाम सोडवले. आपण गुलाम आहोत हे त्यांना कळलं असतं तर आणखी हजार सोडवले असते.’ त्यावर बदामांचा नुसता पाऊस!

हे वाक्य तिचं नाही. तिच्या हयातीतल्या नोंदींत ते सापडत नाही, अभ्यासक सांगून थकले. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातून तिने तेराएक फेऱ्यांत सत्तरेक माणसं काढली. पण आकड्यापेक्षा मला राग येतो तो गुलामांच्याच माथी दोष मारण्याचा. तिची बहीण रेचल का निघाली नाही? मुलं दुसरीकडे अडकलेली, त्यांना टाकून ती येईना. 1860 च्या अखेरीस हॅरिएट पुन्हा पोचली तेव्हा रेचल वारली होती.

आणि 2 जून 1863 आठवा. साउथ कॅरोलायनातली कॉम्बाही नदी, काठाने भातशेती. पाण्यात सुरुंग कुठे पेरलेत हे टबमनने हेरांकडून आधीच काढून घेतलं होतं. यादवी युद्धात गुलामी राखणाऱ्या दक्षिणेशी लढणाऱ्या उत्तरेच्या सैन्याच्या बोटी नदीतून वर आल्या, भोंगा वाजला आणि माणसं शेतातून धावत सुटली. एका बाईच्या डोक्यावर चुलीवरून तसंच उचललेलं भाताचं भांडं, वाफा निघतायत, अंगाला पोर बिलगलेलं. सातशेवर माणसं सुटली. त्या बाईला कुणी सांगायला गेलं होतं का, की तू गुलाम आहेस?

सातबारा: फोटो मी टाकला होता. म्हणजे आता बाबासाहेबही चुकले म्हणायचं? ‘गुलामाला गुलामीची जाणीव करून द्या, तो बंड करून उठेल’ हे वस्तीतल्या भिंतीवर वाचत मी मोठा झालो. माझा आजा सालगडी. पडवीत वेगळ्या कपात चहा प्यायचा आणि मालकाला देवमाणूस म्हणायचा. जाणीव नसते हो ताई. पुस्तकात दिसत नाही ते.

गोदाकाठ: मी घरात पाहिलंय. माझी आई ऊसतोडीला जायची. उचल बापाने घेतलेली, फेडायची दोघांनी. मी पोटात असताना तिने मोळ्या वाहिल्या. तिला सगळं कळत होतं. पळालो तर मुकादम गावी म्हाताऱ्यांच्या दारात उभा राहील, हेही कळत होतं. तुमचा आजा मालकासमोर देवमाणूस म्हणायचा. घरी काय म्हणायचा, ते आजीला कधी विचारलंत?

सातबारा: माझ्या आजीपर्यंत जायचं काम नाही! आणि ऊसतोड म्हणजे अमेरिकेतली गुलामी नव्हे. तिथे माणूस लिलावात विकायचे, पोर जन्मतःच मालकाच्या मालकीचं. विषय तुम्ही भरकटवलात.

गोदाकाठ: भिंत आणि आजा कुणी आणला मग?

खडूफळा: तुमचं चालू द्या. माझी तक्रार वेगळी आहे. दरवेळी टबमनच का? कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर 1802 मध्ये नेपोलियनचं सैन्य गुलामी परत लादायला उतरलं, तेव्हा सोलिट्यूड गरोदर असताना बंडात होती. पकडल्यावर बाळंत होईपर्यंत थांबले आणि मग तिला मारलं. जमैकाच्या नॅनीने डोंगरातून इंग्रजांना वर्षानुवर्षं झुंजवलं. त्यांचा फोटो नाही, म्हणून त्यांच्यावर पोस्ट नाही.

सातबारा: नॅनीबरोबरच्या मरूनांनी, म्हणजे गुलामीतून पळून डोंगरात राहणाऱ्यांनी, इंग्रजांशी केलेल्या 1739 च्या तहात पळून आलेले गुलाम परत द्यायचं कबूल केलं, तेही लिहा की सर.

खडूफळा: केलं. वाईटच केलं. म्हणून आधीची लढाई पुसायची?

रानजाई: सातबारा, बाबासाहेबांच्या वाक्याला मी हात लावलेला नाही. त्यात माणूस उठेल याची खात्री आहे. तुमच्या फोटोखालच्या वाक्यात मागे राहिलेल्यांवर नुसता ठपका आहे.

सातबारा: बरं, काढतो ते वाक्य. तुमचा सगळा युक्तिवाद पटला म्हणून नव्हे, वाक्य तिचं नाही म्हणून. कॉम्बाही टाकतो. पण कर्नल मॉन्टगोमेरीचंही नाव टाकणार. सैनिक त्याचे होते, ती एकटी गेली नव्हती.

रानजाई: जरूर टाका. मग पुढचंही लिहा. त्याला कर्नलचा पगार होता. तिची पेन्शन 1899 मध्ये वाढवून महिना 20 डॉलर केली, तीही विधवा म्हणून आणि परिचारिकेच्या कामाकडे पाहून. हेरगिरीची वेगळी पेन्शन तिला कधीच मिळाली नाही.