उठताना येणारी चक्कर: साखरेआधी रक्तदाब बघा

कर्बोदकं आणि एकूण खाणं कमी केल्यावर उठताना चक्कर येते, यावर बहुतेकजण 'साखर खा' असं सुचवतात. पण चक्कर फक्त उभं राहतानाच येत असेल, तर संशय आधी रक्तदाबावर घ्यावा. कर्बोदकं तोडली की इन्सुलिन उतरतं, मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकतात, पाठोपाठ पाणीही जातं (पहिल्या आठवड्यातली वजनघट बरीचशी हीच!). म्हणून नुसतं पाणी ढोसून भागत नाही, मीठही लागतं. हृदय, किडनी किंवा उच्च रक्तदाबाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

5 मिनिटं आडवं पडून रक्तदाब मोजा, मग उभं राहून 1 आणि 3 मिनिटांनी. वरचा आकडा आडवं असतानापेक्षा 20 ने किंवा त्याहून जास्त घसरला तर डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डोस लगेच तपासून घ्या, कमी खाण्यावर तोच डोस जड होतो. दिवसाला 800 कॅलरींखाली मनाने जाऊच नका.