मदत हवी आहे: गावच्या वाचनालयात सिनेमा दाखवायचाय, परवानगी कुणाकडून घ्यायची?

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात. वाचनालयात महिन्याला एक वेगळ्या वाटेचा मराठी सिनेमा दाखवायचा, मग त्यावर चर्चा आणि पोरांकडून परीक्षण लिहून घ्यायचं, असा बेत आहे. सुरुवात सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’नं (२००९) करावी म्हणतो. गोष्ट विदर्भातल्या कास्तकाराची, त्यामुळे लोक बोलतील तरी.

तिकीट नाही, देणगीपेटीही नाही. माणसं फार तर साठ-सत्तर. प्रोजेक्टर शाळेचा मिळतोय, पडदा म्हणून दोन पांढरी धोतरं जोडून शिवली आहेत (मधली शिवण दिसते, पण चालतंय). लाइन गेली तर इन्व्हर्टर आहे.

अडलंय ते हक्कांपाशी. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार सिनेमाचा हक्क मुळात निर्मात्याचा, एवढं कळलं. पण तो पुढे विकला असेल तर? एका वितरकाला मेल केला, उत्तर नाही. फोन वाजतो, उचलत कोणी नाही. “पेनड्राइव्हवर आणा अन् लावा, कोण पाहते?” हा सल्ला गावातच फुकट मिळतो, तो नको. घरच्या ओटीटी खात्यावरूनही लावायचं नाही, ते घरगुती वापरापुरतंच असतं.

ज्यांनी असे खेळ रीतसर केलेत त्यांनी सांगा: जुन्या सिनेमाचे सध्याचे हक्क कुणाकडे आहेत हे कुठून शोधता? विनातिकीट खेळाला साधारण किती पैसे मागतात? आणि आधी फिल्म सोसायटी (सिनेमे पाहून चर्चा करणारं मंडळ) काढून फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज या अशा मंडळांच्या देशभरच्या संघटनेशी जोडून घेतलं, तर परवानगीचं काम सोपं होतं का?