मंचेरजी भावनगरी: नुसते होयबा होते का?

मूळ धागा:
दादाभाई नौरोजी १८९२ साली लंडनच्या फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी खासदार झाले, हे आपल्याकडे शाळकरी पोरंही सांगतात. १८९५ला ते पडले. त्याच निवडणुकीत मुंबईचेच दुसरे पारशी, मंचेरजी भावनगरी, पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीनमधून १६० मतांनी जिंकले, तेही हुजूर पक्षाकडून! पाडलं कोणाला, तर कामगार चळवळीतल्या जॉर्ज हॉवेलना. १९००ला पुन्हा निवडून आले. विरोधकांनी आडनाव मोडून त्यांना 'बो-अँड-अ‍ॅग्री' केलं, म्हणजे मान तुकवा आणि हो म्हणा. ते नाव असं चिकटलं की आत माणूस होता हेच आपण विसरलो. मला हा अन्याय वाटतो. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांचे हाल त्यांनी संसदेत पुन्हा पुन्हा मांडले, आणि सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं.

प्रतिसाद १:
अन्याय कसला? काँग्रेसच्या राजकीय मागण्यांना हे गृहस्थ विरोध करत राहिले. १८९७ला 'सर' झाले. शिवाय रशियातून जीव मुठीत धरून लंडनच्या पूर्व भागात आलेल्या ज्यूंना आळा घालायच्या बाजूनं उभे राहिले. स्वतः मुंबईहून गेलेला माणूस! हे मी पोटात घालू शकत नाही.

मूळ धागाकर्ता:
ज्यूंबद्दल तुमचं बरोबर आहे, तिथे मी त्यांची बाजू घेणार नाही. पण १९०६ बघा. निवडणूक हरले, खासदारकी गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालच्या नोंदणीच्या वटहुकमाविरुद्ध गांधीजी आणि तिथले हिंदी पुढारी हाजी ओजर अली लंडनला आले. मुलांपासून मोठ्या पुरुषांपर्यंत तिथल्या हिंदी लोकांच्या बोटांचे ठसे घेणारा तो वटहुकूम. नोव्हेंबरात ब्रिटनचे वसाहतमंत्री लॉर्ड एल्गिनना भेटायला गेलेल्या शिष्टमंडळात दादाभाई होते आणि भावनगरीही होते. आता कोणापुढे मान तुकवून त्यांना काय मिळणार होतं?

प्रतिसाद २:
तांत्रिक शिक्षणाचं कुणीच काढलं नाही. हिंदुस्थानात ते वाढावं म्हणून त्यांनी धरलेला आग्रह खरा होता. नुसत्या होयबाला याची काय पडलेली असते?

प्रतिसाद १:
मान्य. तरी माझा प्रश्न उरतोच. ट्रान्सवालमधल्या हिंदी माणसाला मान हवा असेल, तर मुंबईतल्या माणसाला स्वतःच्या कारभारात वाटा का नको? दादाभाईंना हे दोन्ही एकच दिसत होतं. भावनगरींना ते दिसलं नाही, किंवा बघायचं नव्हतं.