मदत हवी आहे : लसीनंतर भाच्याला आकडी, सरकारी भरपाई मिळते का?

नमस्कार. खटाव तालुका, जि. सातारा. बहिणीचा मुलगा दीड वर्षाचा. अंगणवाडीत डीपीटीचा बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस एकाच दिवशी झाला. रात्री ताप फणफणला, आकडी आली ती थांबेचना. साताऱ्यात खाजगी दवाखान्यात आयसीयूत ठेवावं लागलं. आता घरी आहे, पण फिटचं औषध बरेच दिवस चालणार म्हणतात. बिलासाठी दाजींनी पतसंस्थेचं कर्ज काढलंय.

लसीमुळेच झालं असं मी म्हणत नाही, डॉक्टरही ठामपणे सांगत नाहीत. (व्हॉट्सॅपवरचं लसविरोधी काही इथं टाकू नका. धाकटीचे डोस वेळेवर चालू आहेत.) सिस्टरबाईंचीही चूक नाही. अर्धा तास बसवून ठेवलं, तापाचं औषध दिलं, रात्री १०८ पण त्यांनीच बोलावली. आणि घोडं तिथंच अडलंय. वकील म्हणतात, निष्काळजीपणा कुणाचा ते सांगा. कुणाचाच नसेल तर?

ब्रिटनमध्ये १९७९ पासून कायदा आहे. लसीमुळे ६० टक्के अपंगत्व आलं असं ठरलं की १ लाख २० हजार पौंड एकरकमी देतात, चूक कुणाची ते विचारत नाहीत. अमेरिकेत लसीच्या डोसवर ७५ सेंट कर घेतात, एका डोसमध्ये जास्त रोगांची लस असेल तर तितक्या पट, आणि त्या निधीतून भरपाई देतात. आपल्याकडं असं काही?

माणदेशी : बालकांच्या नेहमीच्या लसींसाठी तशी योजना आपल्याकडे नाही. पण आधी नोंद झाली का बघा. लसीकरणानंतर भरती व्हावं लागलं तर ती 'एईएफआय'ची (म्हणजे लसीनंतर झालेल्या त्रासाची) गंभीर केस. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना लेखी द्या, एक प्रत जिल्हा परिषदेत जिल्हा माता व बाल संगोपन अधिकाऱ्यांकडे. लसीचा बॅच नंबर, माता-बाल संरक्षण कार्ड आणि डिस्चार्ज कार्ड जोडा. मग एईएफआयची समिती ठरवते : लसीशी संबंध, अनिश्चित, की योगायोग. 'संबंध आहे' आलं तरी त्यावर आपोआप पैसे मिळत नाहीत, हे दाजींना आधीच सांगा.

कोर्टाची पायरी : ग्राहक आयोगात जाऊ नका. सगळ्यांना फुकट मिळणारी सेवा त्या कायद्यात येत नाही, सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल आहे. दिवाणी दाव्यात निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. कोविड लसीच्या मृत्यूंबाबतही केंद्रानं २०२२ मध्ये दिवाणी न्यायालयात जा असंच सांगितलं होतं. गंमत बघा, सरकारी नसबंदी फसली तर चूक कुणाची न विचारता ठरलेली रक्कम मिळते. औषधाच्या चाचणीत इजा झाली तर २०१९ च्या नियमांनी भरपाई आहे. मधल्यामध्ये लसच राहिली.

धागाकर्ता : आभार 'माणदेशी' आणि 'कोर्टाची पायरी', दोघांचेही. सोमवारी अर्ज देतो. समितीच्या निष्कर्षाची प्रत पालकांना मागून मिळते, की माहिती अधिकार टाकावा लागतो? कुणी मिळवली असेल तर सांगा.